‘रीमास्टर्ड’ सीडी कानाला टोचतेय? आधी अ‍ॅम्प उघडू नका

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी माझा जुना सोनोडाइनचा अ‍ॅम्प स्कूटरवर पायांमध्ये धरून कोथरूडहून तपकीर गल्लीत नेला. तक्रार अशी की आवाज जरा वाढवला की गिटारी किंचाळायच्या, झांजा चरचरायच्या आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत डोकं धरायचं. दुरुस्तीवाल्यांनी अ‍ॅम्प टेबलावर घेतला, खणातून लताबाईंची एक सीडी काढून लावली, पाच मिनिटं मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, “साहेब, मशीन ठणठणीत आहे. तुमची शिडी बघा.” पैसे घेतले नाहीत. रिकाम्या हाती पाठवायचं नाही म्हणून चहा मात्र पाजला.

माझी ‘शिडी’ म्हणजे सत्तरच्या दशकातला एक रॉक अल्बम, नवा कोरा, वर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असा सोनेरी स्टिकर. त्यानंतर हीच तक्रार मी निदान सहा-सात जणांकडून ऐकली. अगदी अलीकडे भाचीचा मेसेज आला: “मामा, दोन हजार घालून डीलक्स सीडी घेतली. हेच गाणं बाबांच्या जुन्या कॅसेटवर ऐकताना बरं वाटायचं. हेडफोन बदलू का?” प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदा सगळं इथे लिहून ठेवतो. हेडफोन बदलू नका. निदान आणि खर्च, दोन्ही या क्रमाने केलंत तर बहुतेक वेळा खर्चाची वेळच येत नाही.

आधी आवाज समान करा

दोन सीडींची तुलना करताना अ‍ॅम्पचं बटण एकाच जागी ठेवणं ही पहिली चूक. नव्या रीमास्टरची पातळी जुन्या सीडीपेक्षा सहा-आठ डेसिबलनी चढी असणं अजिबात नवलाचं नाही, आणि मोठा आवाज कानाला आधी चांगलाच वाटतो. आवाज वाढला की खर्ज आणि वरचे सूर अधिक ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे दाखवून दिलं होतं. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत नवी सीडी जिंकते आणि वीस मिनिटांनी तुम्ही ती बंद करता.

फोनवर आवाज मोजणारं कुठलंही ॲप घ्या, फोन एका जागी ठेवा, दोन्ही सीडींवरचं तेच एक मिनिट वाजवा आणि बटण फिरवून आकडा जुळवा. आकडा खरा असण्याची गरज नाही, दोन्ही वेळा सारखा आला की झालं. संगणकावर ऐकत असाल तर फूबार या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीवर रीप्लेगेन, म्हणजे आवाजाची पातळी जुळवणारी सोय, चालवा. पातळी जुळल्यावरही नवी सीडीच चांगली वाटली तर ती चांगली आहे, तुमचं काम इथेच संपलं.

लक्षण: सगळं एकाच पट्टीत, ऐकून थकवा येतो

दहापैकी आठ तक्रारी इथल्या. कारण समजायला गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर एकदा तरी उभं राहिलेलं असावं लागतं. ढोलाचा ठोका छातीवर बसतो, कारण त्याच्या आधी क्षणभर हात वर गेलेला असतो आणि ताशा एकटा बोलत असतो. तीच मिरवणूक डीजेच्या भिंतीमागून आली की आवाज कितीतरी मोठा असतो, पण ठोका असा काही उरत नाही. सलग दाब असतो नुसता. इंग्रजीत या प्रकाराला ब्रिकवॉल म्हणतात. भिंत तिकडेही आहेच!

सीडीत घडतं ते असं. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि वर एक पक्कं छत. त्यापलीकडे आकडाच नाही. ड्रमचा ठोका हे गाण्यातलं सगळ्यात उंच शिखर असतं. अख्खं गाणं मोठं करायचं तर ते शिखर छताला आपटतं. मग लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज अडवणारं साधन, लावून शिखरं दाबायची आणि बाकी सगळं वर उचलायचं. सीडीला सुमारे ९६ डेसिबलची जागा आहे, आणि नव्वदच्या उत्तरार्धापासून त्यातल्या वरच्या चार-सहा डेसिबलमध्ये संगीत कोंबण्याची चढाओढ लागली. मोठ्या घरात राहून सगळा संसार माळ्यावर थाटावा, तसं.

याचं टोक पाहायचं असेल तर द स्टूजेसच्या ‘रॉ पॉवर’ची १९९७ ची आवृत्ती ऐका. त्यांचा गायक इगी पॉपने स्वतः पुन्हा मिक्स करून मुद्दाम सगळे काटे लाल रेघेपार नेले. तिथे निदान तो कलाकाराचा हट्ट होता. बाकीच्यांचं काय?

तर स्टिकरवरचा ‘रीमास्टर्ड’ हा शब्द एवढंच सांगतो की कुणीतरी, कुठल्यातरी टेपवरून, पुन्हा एकदा डिस्कसाठी मास्टर, म्हणजे जिच्यावरून छपाई होते ती अंतिम प्रत, तयार केला. तो कोणी, कुठल्या टेपवरून आणि किती दाबून केला, हे स्टिकरवर नसतं. ते आपण काढायचं.

मोजायचं कसं

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर टाका आणि सीडी कॉपी करा. शेवटी एक लॉग तयार होतो. त्यात प्रत्येक गाण्यापुढे शिखराची पातळी टक्क्यांत असते. इथे बरेच जण घसरतात: शंभर टक्के दिसलं की सीडी वाईट, असं नाही. नीट केलेल्या मास्टरमध्येही सगळ्यात उंच ठोका छताला टेकवलेला असू शकतो. सगळी गाणी नेमकी एकाच आकड्यावर थांबली असतील, उदाहरणार्थ सगळी ९८.८, तर मात्र शंका घ्या. तिथे लिमिटरचं छत लावलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

या आकड्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. ते बोटांच्या ठशांसारखे असतात. समजा तुमच्या जर्मन सीडीवर पहिल्या तीन गाण्यांची शिखरं ८७.३, ९१.६ आणि ७९.९ आहेत, आणि मित्राच्या भारतीय सीडीवरही हीच आहेत. मग दोन्हींचा मास्टर बहुधा एकच, छापखाने वेगळे असले तरी. तुमची ‘दुर्मीळ’ जर्मन प्रत आणि त्याची दीडशे रुपयांची प्रत एकसारखीच वाजणार. मॅग्नासाउंडच्या कॅसेटवर वाढलेल्या आमच्या पिढीला ‘इम्पोर्टेड’ शब्दाचं फार कौतुक. ते या लॉगमुळे बरंचसं उतरतं.

दाब किती आहे ते पाहायला फूबारसाठी डायनॅमिक रेंज मीटर मिळतो. शिखर आणि गाण्याच्या मोठ्या भागाची सरासरी यांच्यातलं अंतर तो एका आकड्यात देतो. सत्तरच्या दशकातल्या रॉकला ११ ते १४ आलं तर निश्चिंत राहा. ७ किंवा खाली आलं तर तुमच्या डोकेदुखीचं कारण सापडलं. पण हे दहावीचे मार्क नव्हेत. १३ आकड्याची मिणमिणती सीडी आणि ९ आकड्याची सुरेल सीडी यांत मी दुसरी घेईन. आणि एलपीवरून मोजलेला आकडा सीडीच्या आकड्यासमोर ठेवू नका. सुईतून येताना शिखरांचा आकार बदलतो आणि त्याच मास्टरचा आकडा फुगून दिसतो.

मोजमाप नको असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडून नुसतं चित्र पाहा. कंगव्यासारखं दिसलं तर बरं. विटेसारखं दिसलं तर विषय संपला.

लक्षण: फक्त संगणकावर कर्कश, प्लेअरवर ठीक

हे कमी वेळा होतं, पण झालं की लोक चांगली सीडी विकून टाकतात. आमच्या सीडी ऐकणाऱ्यांच्या गटात एकाने ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची सुरुवातीची जपानी प्रत, काळा त्रिकोण छापलेली, क्रमांक सीपी३५-३०१७, कुठूनतरी मिळवली आणि फाइल करून सगळ्यांना पाठवली. सगळ्यांचं एकमत: चिरका आवाज, उगीच नाव झालंय.

चूक सीडीची नव्हती. सुरुवातीच्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतं: मुद्रित करताना वरचे सूर चढवायचे आणि वाजवताना प्लेअरने ते उतरवायचे. वीस हजार हर्ट्झपाशी ही चढण साडेनऊ डेसिबलच्या आसपास जाते. प्लेअर डिस्कवरची खूण वाचून आपोआप उतरवतो. संगणकाने कॉपी केलेल्या फाइलमध्ये चढण तशीच राहते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या यादीत प्री-एम्फसिसचा स्तंभ असतो, तिथे ‘येस’ आहे का पाहा. काही डिस्कवर ही खूण अनुक्रमणिकेत नसून सबकोडमध्ये, म्हणजे गाण्यांसोबत लिहिलेल्या लपलेल्या माहितीत, दडलेली असते. म्हणून ऐंशीच्या दशकातली जपानी प्रत संगणकावर भलतीच तीव्र वाटली तर स्तंभावर पूर्ण विसंबू नका, तीच डिस्क प्लेअरवर लावून पडताळा. उपाय सोपा आहे: सॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीएम्फ’ हा आदेश द्यायचा. आम्ही दिला, आणि तीच प्रत आता गटात मागून मागून ऐकली जाते.

लक्षण: दबलेला, घोंगडीखालून येतोय असा आवाज

दोन शक्यता. एक, टेपची खरखर काढण्याच्या नादात झांजांची हवाही काढली. गाणं विरत जातं तिथे हेडफोन लावून ऐका. खरखर संगीताबरोबर हळूहळू विरायला हवी. ती मध्येच गायब झाली, किंवा झांजेची शेपटी पाण्यात बुडाल्यासारखी बुडबुडली, तर खरखर काढणाऱ्या यंत्राचा हात लागलाय. थोडी खरखर ही टेपची तब्येत आहे, तिला घाबरू नका.

दुसरी शक्यता, मूळ टेपऐवजी तिच्या प्रतीची प्रत वापरली. सुरुवातीच्या कित्येक सीडी एलपीसाठी तयार केलेल्या प्रतींवरून निघाल्या. म्हणून ‘पहिली सीडी तीच उत्तम’ हा नियम करू नका.

आणि एक तिसरी, खास आपल्याकडची. स्पेक या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचं चित्र काढा. अस्सल सीडीत रंग वीस हजारांच्या वरपर्यंत विरत जातो. सोळा हजारांवर कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती डिस्क एमपीथ्रीवरून जाळलेली आहे, कव्हर कितीही गुळगुळीत असो.

लक्षण: हे गाणं असं नव्हतंच!

मग ते रीमास्टर नाही, रीमिक्स आहे. रीमास्टर म्हणजे तयार भाजीला वरून फोडणी. रीमिक्स म्हणजे भाज्या पुन्हा वेगळ्या करून नव्याने शिजवणं. कव्हरवर हे दर वेळी स्पष्ट लिहिलेलं नसतं.

झेडझेड टॉपच्या जुन्या अल्बमांचे १९८७ च्या ‘सिक्स पॅक’साठी ड्रम बदलून, त्यावर ऐंशीच्या दशकातला घुमारा चढवून रीमिक्स केले गेले, आणि पुढे बरीच वर्षं सुट्या सीडीही त्याच निघत. ‘त्रेस ओम्ब्रेस’ आणि ‘फँडँगो’चं मूळ मिक्स २००६ च्या आवृत्तीत आलं. म्हणजे इथे जुनी सीडी टाळून नवी घ्यायची. द डोअर्सच्या पहिल्या अल्बमची चाळिसाव्या वर्षाची आवृत्तीही रीमिक्स आहे, पण तिने वर्षानुवर्षं किंचित हळू धावणारा वेग दुरुस्त केला. गिटार घेऊन सोबत वाजवणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो. जेथ्रो टलच्या ‘अ‍ॅक्वालंग’चा आवाज मुळातच गढूळ, तिथे स्टीव्हन विल्सनचं २०११ चं रीमिक्स मला मूळापेक्षा सरस वाटतं. शुद्धतावाद्यांनी राग मानू नये. डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’च्या १९९७ च्या दुहेरी संचात रॉजर ग्लोव्हरचं रीमिक्स आणि मूळाचं रीमास्टर अशा दोन वेगळ्या डिस्क आहेत, लोक चुकीची लावतात आणि तक्रार करतात.

जुन्या बाजारात प्रत ओळखायची तर

रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाताना फोनचा टॉर्च आणि कोरडा सुती रुमाल न्या. कव्हरच्या मागचं वर्ष पाहून निर्णय घेऊ नका. १९७३ लिहिलेलं असतं ते ध्वनिमुद्रणाचं. सीडी बाजारात आलीच १९८२ मध्ये.

डिस्क उलटी करा, मधल्या भोकाभोवतीचं कडं टॉर्चखाली धरा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. तोच डिस्कचा खरा जन्मदाखला, कारण डबे आणि कागद अदलाबदल होऊन आलेले असतात. याच कड्यावर बारीक ‘आयएफपीआय’ अक्षरं असतील तर डिस्क १९९४ किंवा त्यानंतर छापलेली. नसतील तर बहुधा आधीची. डिस्कवर ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असेल तर ती बहुधा जर्मनीच्या एकीकरणाआधीची, म्हणजे १९९० च्या अलीकडची नव्हे. फोटो काढा, घरी येऊन डिस्कॉग्स या संकेतस्थळावरच्या यादीत क्रमांक ताडून पाहा. विक्रेत्यासमोर मात्र फार निरखू नका. मी एकदा कडं जरा जास्त वेळ बघितलं आणि शंभरची डिस्क तीनशेची झाली.

‘एएडी’, ‘एडीडी’ ही अक्षरं दर्जा सांगत नाहीत, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग आणि मास्टरिंग टेपवर झालं की डिजिटल, एवढंच सांगतात.

मग घ्यायची कुठली

बीटल्स: इथे नवी घ्या. २००९ च्या स्टिरिओ सीडींवर लिमिटर अगदी हलका आहे, मोनो संचावर नाहीच. १९८७ च्या ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ या सीडी म्हणजे जॉर्ज मार्टिनने १९८६ मध्ये केलेली रीमिक्स. १९६५ ची स्टिरिओ मिक्स हवी असतील तर ती गंमत म्हणजे त्याच मोनो संचात मिळतात.

रोलिंग स्टोन्स: साठच्या दशकातल्या अल्बमांच्या २००२ च्या, बॉब लुडविगने मास्टर केलेल्या हायब्रिड डिस्क (एकीवरच एसएसीडी हा जास्त तपशिलाचा थर आणि साधा सीडी थर) डोळे मिटून घ्या. सत्तरच्या दशकातल्या अल्बमांना १९९४ च्या व्हर्जिनच्या सीडी, त्याही त्याच्याच. २००९ च्या माझ्या कानाला नको.

लेड झेपेलिनवर भांडणं होतात, आमच्या गटात तर चहा गार होईपर्यंत. ऐंशीच्या दशकातल्या सीडींपैकी काही बॅरी डायमेंटने मास्टर केलेल्या आहेत, आणि त्या मोकळ्या श्वासाच्या आहेत. १९९० नंतर जॉर्ज मारिनोच्या आल्या, जरा उजळ. २०१४ पासून जॉन डेव्हिसच्या. त्यानेच केलेलं २००७ चं ‘मदरशिप’ चांगलंच दाबलेलं आहे, पण २०१४ च्या सीडी तशा नाहीत. नवख्याला मी २०१४ च्या सांगतो, कारण त्या सहज मिळतात. एसी/डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’ला मात्र डायमेंटची जुनी अटलांटिक सीडी सापडली तर सोडू नका.

‘डार्क साइड’ची २००३ ची हायब्रिड डिस्क सावधपणे घ्या. तिच्यावरचा एसएसीडी थर आणि साधा सीडी थर यांचे मास्टर सारखे नाहीत, सीडी थर जास्त दाबलेला आहे. साधा प्लेअर असेल तर तुम्हाला तोच ऐकू येणार.

सोन्याच्या, एसएचएम, ब्लू-स्पेक वगैरे खास साहित्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कबद्दल एकच सांगतो. डिस्क कशाची बनवलीय याने आत लिहिलेले आकडे बदलत नाहीत. डीसीसी या कंपनीच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची सोनेरी प्रत सुंदर वाजते ती स्टीव्ह हॉफमनच्या मास्टरिंगमुळे, सोन्यामुळे नाही. सोनं सराफाकडे घ्यावं.

जाता जाता पावसाळ्याचं. पुण्याच्या दमट हवेत पुस्तिकांना बुरशी लागते, सिलिका जेलच्या पुड्या डब्यांच्या कपाटात टाका. जुन्या जाड दुहेरी डब्यांतला फोम आधी काढून फेका, तो विरघळून छापील बाजूला चिकटतो. आणि कड्यावर ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असेल, डिस्क कडेने तपकिरी पडत असेल, तर ती आजच कॉपी करून ठेवा. त्या कारखान्याच्या १९८८ ते १९९३ च्या काळातल्या कित्येक डिस्क अशा गंजल्या आहेत.

भाचीने डायनॅमिक रेंज मीटरचा आकडा पाठवला. ६. आम्ही दोघं बुधवारी जुन्या बाजारात गेलो, तोच अल्बम तडकलेल्या डब्यात एकशे वीस रुपयांना मिळाला. घरी येऊन मोजला तर १२. हेडफोन तेच आहेत. येताना तपकीर गल्लीत डोकावून त्या दुरुस्तीवाल्यांना तो ऐकवला. त्यांनी लताबाई बाजूला ठेवून दोन गाणी ऐकली, डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “ही ठेवून जा की. टेस्टिंगला बरी आहे.”